घरच्या घरी छोटे ल्यूर रंगवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेपासून कराड, सातारा, वाईपर्यंत गळाने मासे धरणाऱ्यांच्या पिशवीत आता कणीक आणि गांडुळांसोबत एक-दोन ल्यूरही, म्हणजे नकली आमिषंही, असतात. बाजारातल्या बहुतेक ल्यूरवरचे रंग मात्र परदेशातल्या माशांवरून घेतलेले असतात. कृष्णेतला मरळ किंवा शिवडा ज्या मासळीवर जगतो, ती त्या खोक्यांत सापडत नाही. म्हणून घरी रंगवणारे वाढलेत आणि त्यांचे प्रश्नही वाढलेत. इथली उत्तरं ३ ते ५ सेंटिमीटर लांबीच्या, साधारण ३ ते ७ ग्रॅमच्या ल्यूरसाठी आहेत. या मापात रंगाचा प्रत्येक हात ल्यूरच्या पोहण्यावर परिणाम करतो. म्हणून सगळ्या उत्तरांत एक आग्रह दिसेल: रंग कमी, पण योग्य जागी.

रंगामुळे मासा लागण्यात खरंच फरक पडतो का?

पडतो, पण आधी ल्यूरची चाल, मग तो किती खोल जातो ते आणि त्यानंतर रंग. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडाचा ल्यूर कोरला, तेव्हा त्यांचं लक्ष जखमी मासळीच्या डगमगत्या चालीवर होतं. कळपातली तीच मासळी मोठा मासा आधी उचलतो, हे त्यांनी पाण्यावर पाहिलं होतं. चकाकीसाठी त्यांनी चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. घरात असलेल्या वस्तूंतून झालेलं काम होतं ते. चाल बिघडवणारा सुंदर रंग हा तोट्याचाच सौदा, हे त्या क्रमावरून लक्षात येईल.

सुरुवात कशावर करू?

लोखंडी किंवा पितळी स्पूनवर, म्हणजे चमच्याच्या पात्यासारख्या ल्यूरवर. साधा पत्रा आहे, सॉल्व्हंटने वितळत नाही, थोडं वजन वाढलं तरी चालीत फार फरक पडत नाही आणि बिघडलं तर खरवडून पुन्हा करता येतं. त्यानंतर खडकावर आपटून रंग उडालेला एखादा जुना क्रँकबेट, म्हणजे तोंडाशी पातं असलेला माशाच्या आकाराचा ल्यूर, घ्या. कोऱ्या, न रंगवलेल्या प्लॅस्टिक बॉडी ऑनलाइन मिळतात, पण त्या तिसऱ्या टप्प्यावर.

स्वतः लाकडाचा कोरला तर?

जरूर कोरा. पांगारा हलका आणि कोरायला मऊ असतो. सावंतवाडीची खेळणी त्याच लाकडाची व्हायची. सावरही चालते. सागवान टिकाऊ, पण जड. एवढ्या छोट्या मापात सागवानाचा ल्यूर तरंगेल इतकी हवा त्यात उरत नाही.

लाकडाचा खरा शत्रू पाणी. हुकच्या स्क्रूभोवतीच्या बारीक फटीतून ते आत शिरतं, लाकूड फुगतं आणि वरचा कितीही चांगला थर आतून तडकतो. म्हणून रंगाआधी लाकूड बंद करावं लागतं. मिरजेत सतारीवर जे फ्रेंच पॉलिश चढवतात, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, ते या कामाला फार चांगलं. पटकन सुकतं, पातळ बसतं आणि त्यावर जवळजवळ कुठलाही रंग धरतो. दोन-तीन हात द्या, मध्ये हलकं घासा. स्क्रूची भोकं आधीच पाडून त्यांच्या आतही पॉलिश मुरवा. हे पॉलिश वरचा शेवटचा थर म्हणून मात्र चालणार नाही, पाण्यात ते पांढरं पडतं.

रंगवण्याआधी तयारी काय?

रंग पोपडे धरून निघतो त्याचं कारण बहुतेक वेळा तयारीत असतं. पक्कड वापरून ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) आणि ते अडकवलेल्या स्प्लिट रिंग (दुहेरी वेढ्याच्या कड्या) काढून टाका. भांडी घासायच्या साबणाने ल्यूर धुवा, वाळवा, मग ४०० नंबरच्या आणि शेवटी ६०० नंबरच्या पाणीपेपरने ओलं घासा. चमक जाऊन सगळीकडे सारखा मंदपणा आला की थांबा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. हातावरचा तेलकटपणा पुरेसा असतो. नाकातल्या कडीत काडी अडकवून तीच धरून पुढचं काम करा.

तोंडाशी असलेल्या पारदर्शक पात्याला, म्हणजे लिपला, दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा. लिपवर चढलेला रंग दिसायला किरकोळ वाटतो, पण ल्यूर हलवते ती लिपच. तिची कड जाड झाली की चाल मंदावते.

प्लॅस्टिकला अ‍ॅसिटोन किंवा गॅरेजमधला एनसी थिनर लावू नका. एबीएस जातीचं प्लॅस्टिक मऊ पडतं, पॉलिकार्बोनेट जातीच्या प्लॅस्टिकला तडे जातात.

एअरब्रश (हवेने रंग फवारणारं पेन) हवाच का?

नाही. स्पंजच्या तुकड्याने थोपटून पाठीपासून पोटाकडे रंग छान विरवता येतो. जुना टूथब्रश रंगात बुडवून अंगठ्याने केस मागे ओढले की बारीक ठिपक्यांचा शिडकावा होतो. मी नव्या माणसाला आधी महिनाभर स्पंजच वापरायला सांगतो, कारण त्यात कुठे किती रंग हवा याची नजर तयार होते.

घ्यायचाच असेल तर ०.३ मिलिमीटर नोझलचा, हवा आणि रंग एकाच खटक्याने सांभाळणारा, म्हणजे डबल अ‍ॅक्शन घ्या. हवेचा दाब १५ ते २५ पीएसआयच्या दरम्यान, रंग दुधाइतका पातळ आणि अंतर चार बोटं ते वीतभर. थर इतका पातळ पडावा की पहिल्या फेरीत रंग लागलाय की नाही असं वाटेल. केस वाळवायच्या ड्रायरने कोमट हवा द्या, मग पुढची फेरी.

गणेशोत्सवाआधी मूर्तिकारांच्या कारखान्यात जाऊन गन चालवणाऱ्याचा हात नीट बघा. हवा आधी सुरू करायची, हात फिरता ठेवायचा, मूर्तीच्या कडेपलीकडे गेल्यावरच रंग बंद करायचा. हे त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी शिकवणार नाही.

कोणते रंग वापरू? नेलपॉलिश चालेल?

पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग सगळ्यात सोयीचे. वास कमी, हात धुता येतात, प्लॅस्टिकला धोका नाही. सांगलीच्या गणपती पेठेत किंवा साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास फिरलात तर बहुतेक सामान हाती लागतं. मूर्तींसाठीचे पर्ल आणि फ्लुरोसंट रंगही वापरता येतात, पण त्यातले काही सुकल्यावरही पाण्याने सुटतात. पत्र्यावर एक फटकारा मारून, सुकवून, ओल्या बोटाने घासून बघा. सुटत असेल तर वर पक्का थर हवाच.

नेलपॉलिश पत्र्याच्या स्पूनवर आणि शिशाच्या जिगवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर) उत्तम बसतं. प्लॅस्टिकवर नको, त्यातलं सॉल्व्हंट अंग मऊ करतं. स्प्रे कॅनचा रंग एबीएसवर अगदी हलक्या धुक्यासारखा मारला तर चालतो; पॉलिकार्बोनेटवर तोही टाळा.

पर्मनंट मार्करने काढलेल्या रेघा वरच्या पारदर्शक इपॉक्सी थराखाली फुटून पसरतात. रेघ हवी असेल तर बारीक ब्रशने अ‍ॅक्रिलिकचीच काढा.

आधी पांढरा हात का द्यायचा?

पिवळा, केशरी, फ्लुरोसंट हे रंग आरपार दिसतात; खाली पांढरं अस्तर नसेल तर मळकट वाटतात. उलट पर्ल आणि चमकीचे रंग काळ्या अस्तरावर खोल दिसतात. जुन्या ल्यूरचा मूळ रंग घट्ट बसलेला असेल तर तो पूर्ण खरवडत बसू नका. घासून गुळगुळीत करा आणि त्यावरच पातळ अस्तर द्या.

खवले कसे उमटवायचे?

ओढणीला लावतात ती बारीक नेट ल्यूरभोवती ताणून गुंडाळायची, पोटाखाली कपड्यांच्या चिमट्याने धरायची आणि वरून रंग मारायचा. नेट सैल राहिली तर खवल्यांच्या कडा धूसर येतात. रंग चिकट असतानाच नेट काढा, पूर्ण सुकू दिलीत तर ती रंगाला धरून येते. मच्छरदाणीची जाळी ५ सेंटिमीटरच्या ल्यूरलाही मोठी पडते.

खवले फक्त पाठ आणि कुशीच्या वरच्या भागावर ठेवा. पोटावर नकोत.

चॉकलेटच्या चांदीसारखी चकाकी हवी असेल तर?

एसी दुरुस्त करणारे वापरतात ती अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी घ्या. कानशीवर उलटी ठेवून बोटाने दाबली की तिच्यावर जाळी उमटते. मग कुशीच्या आकाराचे दोन तुकडे कापून चिकटवा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने सुरकुत्या बाहेर ढकला. जोड पोटाच्या मध्यावर आणा. पट्टीची कड उचललेली राहिली तर तिथूनच पाणी शिरतं.

त्याहून पातळ हवं असेल तर मिठाईवरचा चांदीचा वर्ख. तो अर्धवट सुकलेल्या थरावर अलगद बसवायचा आणि लगेच वरून बंद करायचा, नाहीतर हवेने काळा पडतो. वजन जवळजवळ काहीच वाढत नाही, म्हणून ३ ग्रॅमच्या ल्यूरला माझी पहिली पसंती वर्खालाच.

नेमका कोणता मासा रंगवू?

तुमच्या पाण्यातला. काठाला उथळ पाण्यात अर्धा तास उभं राहून बघितलं तरी तीन-चार नमुने मिळतात.

लांबट, सडपातळ ल्यूरसाठी दांडवण घ्या: पाठ फिकट तपकिरी-सोनेरी, पोट चंदेरी आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत कुशीवर एकच काळी रेघ. या एका रेघेमुळे रंगकाम सोपं होतं आणि पाण्यात ओळखही पटकन पटते. शेपटीच्या बुडाशी एकच काळा ठिपका असलेली बारकी, चंदेरी मासळीही ओढ्यांतून भरपूर दिसते. तीही तितकीच सोपी.

पसरट, उंच बॉडीसाठी चिलापीचं पिल्लू. हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि आता आपल्या नद्या-तलावांत सगळीकडे आहे. राखाडी-हिरवट अंग, कुशीवर आडव्या दिशेने एकामागे एक उभे गडद पट्टे आणि पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाला काळा ठिपका. पट्ट्यांच्या कडा ठळक ठेवू नका. ओल्या स्पंजने जरा विरवा.

मरळसाठी पाण्यावर चालणारा बेडूक किंवा पेन्सिल बेट (पेन्सिलीसारखा लांबट ल्यूर) रंगवत असाल तर मेहनत पोटावर घ्या. मरळ खालून येतो. त्याला दिसते ती आभाळासमोरची काळसर आकृती आणि पोट. पाठीवरची नक्षी त्याच्या नजरेला पडतच नाही. पोट पिवळट-पांढरं ठेवून गळ्याशी थोडी केशरी छटा दिली की पुरे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मरळची पिल्लं लाल-केशरी असतात आणि पुंजक्याने पाण्याच्या वर येत राहतात. नर-मादी दोघं खाली राखणीला असतात. त्या रंगाचा ल्यूर त्या पुंजक्यात टाकला तर आई-बाप भुकेने नाही, रागाने त्यावर तुटून पडतात. ते काढले गेले की सगळी पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. पिल्लांचा पुंजका दिसला तर ती जागा सोडून पुढे जा.

पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यासाठी कोणते रंग?

स्वच्छ पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो. काही मीटर खाली तो काळपट दिसतो आणि निळा-हिरवा दूरवर पोहोचतो. गढूळ पाण्यात गणित फिरतं. गाळ आणि कुजलेल्या पाल्याचा अंश निळा प्रकाश आधी खातो, म्हणून पिवळा, केशरी आणि लालसर रंग त्यातल्या त्यात जास्त अंतरापर्यंत दिसतात. फ्लुरोसंट रंगांची वेगळीच ताकद आहे: ते निळा-हिरवा प्रकाश घेऊन पिवळा-केशरी म्हणून परत देतात. त्यामुळे मळभात आणि गढूळ पाण्यात ते आजूबाजूपेक्षा उजळ राहतात.

हे ताडून बघायला काठीला दोरी बांधून पांढरा ल्यूर पाण्यात सोडा. हातभर खोलीच्या आत दिसेनासा झाला तर नक्षीचा काही उपयोग नाही. पिवळं-हिरवट फ्लुरोसंट अंग आणि काळी पाठ, असा जोराचा विरोध हवा. कंबरभर खोलीपर्यंत दिसत असेल तर दांडवण, चिलापी हे नैसर्गिक रंग काढा. हिवाळ्यात कण्हेर किंवा उरमोडी धरणाचं पाणी निवळतं तेव्हा चमकसुद्धा कमी केलेली बरी. झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेला काळा. हो, पूर्ण काळा. त्या वेळी सगळ्यात स्वच्छ आकृती त्याचीच उठते.

डोळे?

बारीक टिकल्या. पिवळी किंवा चंदेरी टिकली, तिच्यावर टाचणीच्या डोक्याने काळा ठिपका. टिकलीचा डिंक पाण्यात टिकत नाही, म्हणून शेवटच्या थराच्या आधी लावा.

वरचा पारदर्शक थर कशाचा द्यायचा?

तीन पर्याय आहेत.

पहिला, हळू घट्ट होणारं, रेझिन आणि हार्डनर अशा दोन भागांचं इपॉक्सी. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, काहींचं १:१, काहींचं ३:१. अंदाजाने घेऊ नका. ३ ग्रॅमच्या ल्यूरला लागणारं मिश्रण इतकं थोडं असतं की एक थेंब इकडेतिकडे झाला तरी थर कायमचा चिकट राहतो. म्हणून चार-पाच ल्यूर एकदम करा आणि मिश्रण जरा जास्त बनवा. दोन मिनिटं सावकाश ढवळा, जोरात ढवळलं की बुडबुडे. मऊ ब्रशने पातळ पसरा. हार्डवेअरच्या दुकानातलं पाच मिनिटांत धरणारं इपॉक्सी इथे नको: पसरायच्या आत घट्ट होतं आणि उन्हाने पिवळं पडतं.

इपॉक्सी धरेपर्यंत ल्यूर फिरता हवा, नाहीतर पोटाखाली थेंब जमतो. मायक्रोवेव्हच्या तबकडीखालची मोटर यासाठी छान, मिनिटाला पाच-सहा फेरे देते. मोटरवर किती व्होल्टची आहे ते वाचा. सगळ्या २२० च्या नसतात आणि वायरिंग जाणकाराकडूनच करून घ्या. मोटर नसेल तर पहिला तासभर दर दोन-तीन मिनिटांनी हाताने उलटवत बसायचं. जमतं.

दुसरा, यूव्ही रेझिन, म्हणजे अतिनील प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन. नेल आर्टच्या दिव्याखाली काही मिनिटांत धरतं, फिरकी लागत नाही आणि एक-दोन ल्यूरसाठी सगळ्यात सोयीचं. थर पातळ ठेवा. जाड थर वरून धरतो, आत मऊ राहतो.

तिसरा, गाड्यांना मारतात तो दोन भागांचा क्लिअर. फार टणक आणि पातळ बसतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो आणि साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही. घरात हा मारूच नका. ओळखीच्या पेंटिंग गॅरेजमध्ये, त्यांच्या गाडीसोबत, तुमचे ल्यूर टांगून घ्या.

आतून पोकळ प्लॅस्टिक बॉडीवर थर ओला असताना हीट गन धरू नका. आतली हवा फुगते आणि बारीक भोकातून बुडबुडा बाहेर येतो.

जुलै-ऑगस्टमध्ये इपॉक्सी धुरकट आणि तेलकट का होतं?

हवेतल्या ओलाव्यामुळे. हार्डनरमधलं अमाईन ओलावा आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून वर पांढुरका, चिकट पापुद्रा धरतं. पूर्ण घट्ट झाल्यावर कोमट पाण्याने आणि साबणाने धुतलं की बहुतेक निघतो. पुढचा हात द्यायचा असेल तर धुतल्याशिवाय देऊ नका, तो सुटून येईल. पावसाळ्यात दुपारी काम करा. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ल्यूर ठेवा, किंवा त्या दोन महिन्यांत यूव्ही रेझिनच वापरा. महाबळेश्वर, पाटणच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर हेच करावं. थंडीत उलट अडचण येते: रेझिन दाट होतं. बंद बाटली गरम पाण्यात थोडा वेळ ठेवली की पातळ होतं.

रंगवल्यावर ल्यूर तरंगतच नाही, किंवा कुशीवर पळतो. काय करू?

कुशीवर पळत असेल तर आधी नाकाची कडी बघा. तिच्यात इपॉक्सी भरलं असेल तर सुईने साफ करा. कडी सरळ असूनही ल्यूर उजवीकडे ओढत असेल तर ती पकडीने किंचित डावीकडे वळवा. एका वेळी अगदी थोडं.

बुडत असेल तर वजन वाढलंय. ३ ग्रॅमच्या ल्यूरवर ०.३ ग्रॅमचा थर म्हणजे दहावा हिस्सा, आणि तरंगणाऱ्या ल्यूरकडे तेवढी मोकळीक बहुधा नसते. सराफ वापरतात तसा छोटा डिजिटल काटा घेऊन ठेवा: कोरा असताना, रंगानंतर, थरानंतर वजन वहीत लिहा. वाढलेलं थोडं वजन एक नंबर छोटे हुक लावून भरून निघतं. पाण्यात मध्येच स्थिर राहणारा ल्यूर तयार झाला असेल तर तो फेकू नका. थंडीत सुस्त माशापुढे थांबवून धरायला तो उत्तम.

शिशाचे जिग घरी रंगवता येतात का?

रंगवता येतात, शिसं मात्र घरी वितळवू नका. तयार डोकी आणा आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा. पावडर रंग टिकायला सगळ्यात चांगला: डोकं गरम करून पावडरीत बुडवायचं आणि साधारण १७५ अंशांवर १५-२० मिनिटं भाजायचं. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी कधीच नाही. पावडर कोटिंग करणाऱ्या एखाद्या कारखान्याला विचारा. त्यांच्या भट्टीत तारेवर टांगलेली मूठभर डोकी सहज मावतात.

घरात लहान मुलं आहेत. काय काळजी घ्यावी?

मुलांना रंगवू द्या, पण हुक काढलेल्या ल्यूरवर आणि पाण्याच्या रंगांनी. इपॉक्सी आणि यूव्ही रेझिन घट्ट होण्याआधी कातडीला लागू देऊ नका. वारंवार लागलं तर कायमची अ‍ॅलर्जी बसते. नायट्राइल हातमोजे, उघडी खिडकी. ब्रश धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका. बादलीत राहू द्या, रंग खाली बसला की तो वाळवून कचऱ्यात टाका. आपल्या गटारांचं पाणी शेवटी नदीतच जातं आणि मासे तिथलेच आपल्याला हवे असतात.

पहिली चाचणी कुठे घ्यायची?

शेतातल्या हौदात किंवा टाकीत. चाल, खोली, तरंगणं सगळं तिथे स्वच्छ दिसतं. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरून येणाऱ्यांसाठी: औदुंबर, भिलवडीपासून हरिपूरपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. पाण्यात पाय सोडून बसू नका, अडकलेला ल्यूर सोडवायला पाण्यात उतरू नका. ल्यूर दुसरा होतो. विणीच्या काळात आणि संध्याकाळी तर काठापासून लांबच राहा.

धरणांत मासेमारीचा हक्क बहुधा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना विचारूनच गळ टाका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. त्या हद्दीत ल्यूर न्यायचाच नाही. महाशीर लागला तर पाण्यातच हुक काढून सोडा. हुकचे काटे आधीच पकडीने दाबून ठेवले असतील तर ते क्षणात होतं.

रंगवलेले ल्यूर कसे ठेवायचे?

नवा थर चार-पाच दिवस पूर्ण पिकू द्या, मगच हुक लावा. ल्यूर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. रबरी मासे आणि रबरी बेडूक त्यांच्याजवळ कधीही ठेवू नका; रबर मऊ ठेवणारं तेल रंगात उतरतं आणि दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर डबा ठेवला तर पोकळ ल्यूर फुगून थर उचलतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि थराला कुठे बारीक चीर दिसली तर त्याच संध्याकाळी यूव्ही रेझिनचा थेंब लावून बंद करा.